भोक आधी, खोकं नंतर

पिनहोल कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी सुईएवढं भोक असलेला खोक्याचा कॅमेरा, करताना खोक्यावर फार वेळ घालवू नकोस. बुटांचं चालतं, मिठाईचं जाड खोकं मिळालं तर उत्तम. खरी मेहनत भोकावर. थेट पुठ्ठ्याला सुई टोचू नकोस; कडेला तंतू उरतात आणि चित्र गढूळ येतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा काप, सुईचं नुसतं टोक टेकव, मागे आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घास, मग परत टोक फिरव. भोकापासून फोटोचा कागद 75 मिलिमीटरवर असेल तर साधारण 0.3 मिलिमीटरचं भोक हवं. मोजायचं कसं? पट्टीशेजारी ठेवून स्कॅन कर आणि मोठं करून बघ.

आतून काळा रंग दे, चकचकीत नको. सांध्यांवर वायरमन वापरतात ती काळी टेप. माझे पहिले चार कागद झाकणाच्या एका कोपऱ्यातून आलेल्या उजेडाने काळेठिक्कर झाले, आणि मी आठवडाभर डेव्हलपरला, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, शिव्या घालत बसलो होतो!

फिल्मऐवजी ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर घे. लाल दिव्यात हाताळता येतो, नवख्याला हे फार मोठं सुख. वरच्या मापाला कडक उन्हात भोक 40 सेकंद उघडं ठेवण्यापासून सुरुवात कर, सावलीत काही मिनिटं. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात उजेड मोजणारं मीटर सांगेल त्याहून जास्त, कारण हा कागद मुख्यतः निळा उजेड ओळखतो. खोकं कठड्यावर ठेव, वर छोटा दगड. शटर म्हणजे टेपचा तुकडा, हळूच उचल.

कागद डेव्हलप करून वाळला की मोबाइलवर फोटो काढून निगेटिव्हचं पॉझिटिव्ह कर. आकाश पांढरंफटक येईल, त्याला इलाज नाही.