मानोलो मार्केझ यांच्यानंतर एफसी गोवाचा मुख्य कोच स्पॅनिशच हवा का?

प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, मानोलोंनंतर पुन्हा स्पॅनिश कोचच आणावा. दोन, ‘गोंयकार कोचला मोठा सामना झेपत नाही, हे २०२० मध्ये सिद्ध झालं.’ पहिलीवर बोलता येईल. दुसरी साफ चुकीची आहे आणि कोच बदलायचा विषय निघाला की फातोर्ड्याच्या, म्हणजे आपल्या घरच्या मैदानाच्या, स्टँडमध्ये दर वेळी तीच पुढे केली जाते, म्हणून आधी तिचं उत्तर.

३१ जानेवारी २०२० ला क्लबने स्पॅनिश मुख्य कोच सर्जिओ लोबेरांना दूर केलं, तेव्हा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीतले तीन सामने उरले होते. साखळीत पहिला येणाऱ्याला द्यायचं शील्ड त्याच मोसमात सुरू झालं होतं आणि ते जिंकणाऱ्याला थेट एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटात जागा मिळणार होती. तिथे तोवर एकही भारतीय क्लब पोचला नव्हता. अशा वेळी संघ क्लिफर्ड मिरांडांच्या हाती दिला, मदतीला डेरिक परेरा, दोघेही गोंयकार. पुढचे तीन सामने हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामने, चौदा गोल, नऊ गुण, शील्ड गोव्यात.

यावर ठरलेलं उत्तर येतं की संघ लोबेरांनी बांधला होता, क्लिफर्डनी फक्त चालवला. बांधला लोबेरांनीच, त्यात वाद नाही. मंदार राव देसाईला विंगवरून लेफ्ट-बॅकला आणणं हे त्यांचंच काम. पण मोसमाच्या मध्यावर मिळालेला संघ ‘फक्त चालवणं’ म्हणजे काय, ते नीट बघा. ज्या कोचने आणलं तोच गेल्यावर पहिली शंका परदेशी खेळाडूंच्या मनात येते, कारण पुढच्या मोसमात आपली जागा राहील की नाही याची खात्री नसते. दुसरी अडचण सरावाची. लोबेरांच्या पद्धतीत दोन्ही फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, वर जायचे आणि चेंडू गेला की पहिल्या काही सेकंदांतच तो परत मिळवायचा. ही सवय पंधरा दिवस जरी ढिली पडली, तरी फुल-बॅकच्या मागची जागा उघडी पडते. नवा माणूस अशा वेळी आपली छाप पाडायला रचना बदलतो आणि तिथेच घोटाळा होतो. क्लिफर्डनी रचनेला हात लावला नाही. तो निर्णयही कोचचाच असतो.

मग साखळीनंतरची, कपसाठीची दोन सामन्यांची उपांत्य फेरी, चेन्नईयनविरुद्ध. चेन्नईतल्या पहिल्या सामन्यात मध्यंतराला ०-०, नंतर पंचवीस-एक मिनिटांत चार गोल खाल्ले आणि ४-१ ने हरलो. चारातले दोन गोल गोइयान आणि एली साबिया या त्यांच्या सेंटर-बॅकनी मारले. ती आपली चूकच, आणि कोचचीही, कारण एक गोल गेल्यावर संघ दहा मिनिटं मागे घेऊन श्वास घ्यायचा असतो, ते झालं नाही. पण परतीच्या सामन्यात २१व्या मिनिटाला गोवा २-० ने पुढे होता. एकूण ३-४. एका गोलने बरोबरी झाली असती. शेवटी सामना ४-२ ने जिंकला, एकूण ५-६ ने बाहेर. हीच ती ‘न झेपलेली’ उपांत्य फेरी.

आता २४ एप्रिल २०२४ आठवा. तीच फेरी, तेच फातोर्डा, समोर मुंबई सिटी. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे. मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे, आणि भरपाईची वेळ संपेपर्यंत २-३. मुंबईतला सामनाही ०-२ ने गेला. डगआउटमध्ये मानोलो होते, हैदराबादला २०२२ मध्ये आयएसएल जिंकून दिलेला माणूस. त्या रात्री ‘स्पॅनिश कोचला आघाडी राखता येत नाही’ असं कुणीही म्हटलं नाही, आणि म्हणायचं कारणही नव्हतं. मग ते माप क्लिफर्डनाच का?

२०२० च्या एप्रिलमध्ये क्लबने हुआन फेरांडोंना आणलं आणि क्लिफर्ड सहायक राहिले. त्याच वर्षी लोबेरा मुंबईला गेले. मंदार, मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमूही तिकडेच गेले, आणि मुंबईने पहिल्याच मोसमात शील्ड आणि कप दोन्ही घेतले. कपचा अंतिम सामना फातोर्ड्यालाच झाला. फेरांडो चांगले कोच होते. त्यांच्याच हाताखाली आपण २०२१ चा ड्युरँड कप जिंकला आणि चॅम्पियन्स लीगच्या गटात अल रय्यान, अल वाहदा यांना ०-० वर रोखलं. पण त्याच डिसेंबरमध्ये करारातल्या रिलीज क्लॉजवर, म्हणजे ठरलेली रक्कम भरून सुटका करून घ्यायच्या कलमावर, ते ऐन मोसमात एटीके मोहन बागानला गेले. संघ सावरायला पुन्हा गोंयकारच, डेरिक परेरा. आणि क्लिफर्ड? २०२३ मध्ये ओडिशाचा अंतरिम कोच म्हणून त्यांनी अंतिम सामन्यात बेंगळुरूला २-१ ने हरवून सुपर कप जिंकला. पुढच्या मोसमासाठी ओडिशाने कोच कोण आणला? लोबेरा. पूर्ण वेळचं काम क्लिफर्डना अखेर २०२५ मध्ये चेन्नईयनने दिलं, म्हणजे आपल्याला २०२० मध्ये बाहेर काढणाऱ्याच क्लबने.

आता तुमचा मूळ प्रश्न. पासपोर्ट बघून कोच ठरवायचा नसतो. मी आधी करार बघेन. रिलीज क्लॉज असू द्या, पण तो फक्त मोसमाच्या शेवटच्या सामन्यापासून पुढच्या प्री-सीझनच्या पहिल्या दिवसापर्यंतच लागू व्हावा. मधल्या काळात रक्कम कितीही असली तरी क्लबच्या संमतीशिवाय सुटका नाही. दुसरी नोकरी नाही, राष्ट्रीय संघाचीही नाही. २०२४-२५ मध्ये मानोलोंनी दोन्ही सांभाळलं. गोवा साखळीत दुसरा आला आणि सुपर कपही जिंकला, पण भारताला आठ सामन्यांत एकच विजय मिळाला. पुढच्या वेळी फटका आपल्याला बसणार नाही याची हमी कोण देणार?

मग स्टाफ. नव्या कोचने स्वतःची दोन माणसं आणावीत, फार तर तीन. गोलकीपिंग कोच, फिटनेस आणि व्हिडिओचं काम क्लबच्या माणसांकडेच राहावं. नाहीतर कोच गेला की खेळाडूंच्या दुखापतींच्या नोंदीपासून सेट-पीसच्या (कॉर्नर, फ्री-किक) आखणीपर्यंत सगळं त्याच्याबरोबर जातं आणि पुढचा माणूस कोऱ्या पाटीवर सुरू करतो.

नेमणूक मेअखेरपर्यंत व्हायला हवी. त्याला हवे ते परदेशी खेळाडू जुलै संपायच्या आत ठरले पाहिजेत आणि प्री-सीझन सहा आठवड्यांपेक्षा कमी नको. ड्युरँड कपलाच प्री-सीझन समजायची चूक बरेच क्लब करतात आणि मग पहिल्या पाच सामन्यांत मांडीचे स्नायू धरतात. आपल्याकडची दमट हवाही हिशेबात धरा. नव्वद मिनिटं वर जाऊन प्रेसिंग करणारा संघ फातोर्ड्यात साठाव्या मिनिटाला दमतो. म्हणून मुलाखतीत विचारायचं ते हे की पाच बदल कधी करणार, आणि ते करायच्या तीन संधींपैकी एक शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवणार का.

उमेदवाराचे जिंकलेले सामने बघू नका. हरलेले चार घ्या आणि त्यात गोल खाल्ल्यानंतरची पंधरा मिनिटं बघा. मैदानावर एका वेळी चारच परदेशी, म्हणजे सात भारतीय. त्या सातांपैकी किती जण त्याच्या हाताखाली सुधारले, हे विचारा. युरोपातल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत गेलेली वर्षं याचं उत्तर देत नाहीत. मोठं नावही देत नाही. ब्राझीलचे दिग्गज झिको आपले पहिले कोच; त्यांनी पहिले दोन मोसम सुंदर दिले, पण तिसऱ्यात आपण तळाला होतो. उलट गोव्यातल्या कोचनी हे काम आयएसएलच्या कितीतरी आधी केलंय. आर्मांदो कुलासोंनी धेंपो या गोव्यातल्या जुन्या क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं दिली. क्लिफर्ड त्याच धेंपोचा विंगर.

हेही सांगायला हवं. डेरिक यांनी सांभाळलेल्या २०२१-२२ मध्ये आपण नववे आलो, त्यामुळे गोंयकार नेमला की सगळं सुरळीत, असं माझं म्हणणं नाही. शिवाय आपला माजी खेळाडू म्हणून कोच करायचा हाही निकष नव्हे. कार्लोस पेन्या मैदानावर लाडका होता, पण त्याच्या २०२२-२३ मध्ये सातवे राहून प्ले-ऑफ हुकली. उद्या मानोलोंच्या तोडीचा स्पॅनिश माणूस वर लिहिलेल्या करारावर सही करायला तयार असेल, तर जरूर घ्या. पण मुलाखतीच्या यादीत निदान दोन भारतीय नावं असावीत, दोघांकडे प्रो लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सर्वोच्च परवाना, असावं, आणि काम द्यायचं ठरलं तर ‘अंतरिम’ हा शब्द न लावता पहिल्या दिवसापासून दोन वर्षांचा करार द्यावा. तीन सामन्यांसाठी बोलावून पुन्हा सहायकाच्या खुर्चीवर बसवायचं असेल, तर मुलाखतीला बोलावूच नये.