वाचकांचे प्रश्न : अमेरिकी आणि चिनी भगिनी शहरे

प्रश्न : अमेरिका-चीनमधली पहिली भगिनी शहरे सॅन फ्रान्सिस्को आणि शांघाय, हे बरोबर का? – एक वाचक, नाशिक

नाही. भगिनी शहरे म्हणजे एकमेकांशी मैत्रीचा करार केलेली दोन देशांतली शहरे; त्यात पहिलेपणाचा मान सेंट लुईस आणि नानजिंगचा. त्यांचा करार २ नोव्हेंबर १९७९ चा. सॅन फ्रान्सिस्को-शांघायचा जानेवारी १९८० चा. गाजली मात्र दुसरी जोडी. सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर डायॲन फाइनस्टाइन यांनी ती नेटाने सांभाळली आणि ऐंशीच्या दशकात शांघायचे महापौर असलेले च्यांग झमिन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

सेंट लुईस हे आतल्या भागातले, नदीकाठचे शहर. तिथे पुढाकार घेतला तो वॉशिंग्टन विद्यापीठातले चिनी इतिहासाचे अभ्यासक स्टॅन्ली स्पेक्टर यांनी. (हे विद्यापीठ सेंट लुईसमध्येच आहे, राजधानीत नव्हे.) दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ ला सुरू झाले आणि दहा महिन्यांत करार झाला. इतकी घाई जमली, कारण दोघांनाही रीत ठाऊक होती. अमेरिकेत आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये नागरिकांच्या परस्परसंपर्काची मोहीम सुरू केली, तिच्यातूनच भगिनी शहरांची योजना वाढली. चीनने १९७३ मध्ये तिआनजिनला जपानच्या कोबेशी जोडून सुरुवात केली होती.

प्रश्न : डॉ. कोटणीसांच्या समाधीच्या शहराशी अमेरिकेतल्या एका शहराचे नाते आहे असे ऐकले. – एक वाचक, सोलापूर

हो. ते शहर शिजियाझुआंग, हबेई प्रांताची राजधानी. आयोवाची राजधानी डे मॉइन १९८५ पासून त्याचे भगिनी शहर आहे; आयोवा आणि हबेई ही जोडी त्याआधीची, १९८३ ची. १९८५ मध्येच हबेईचे एक छोटे शिष्टमंडळ शेती पाहायला आयोवातल्या मस्कटीन गावी आले होते. त्यात शिजियाझुआंगजवळच्या झेंगडिंगचे कम्युनिस्ट पक्षाचे तरुण सचिव होते : शी जिनपिंग. २०१२ मध्ये ते उपाध्यक्ष म्हणून पुन्हा त्याच गावी गेले.

प्रश्न : आमच्या गावाला चिनी शहराशी जोडून घ्यावे, अशी इथे चर्चा आहे. क्रम काय? कुठे अडते? – एक वाचक, न्यू जर्सी

आधी समिती, मग महापौर. अमेरिकेत हे काम स्वयंसेवक करतात, महापौर सही करतात. म्हणून समितीची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी करा, हिशेब वेगळा ठेवा आणि दोन-तीनच विषय ठरवा : शाळांची देवघेव, रुग्णालय, बाग. ‘संस्कृती, व्यापार, शिक्षण, पर्यटन’ असे सगळे एका दमात लिहिणाऱ्या गावांच्या हातून बहुधा काहीच होत नाही.

जोडीदार शोधताना लोकसंख्या फसवते. चीनमधले ‘छोटे’ शहरही तुमच्या काउंटीपेक्षा (जिल्ह्यापेक्षा) मोठे निघेल. उद्योग, नदी, विद्यापीठ यांवरून जुळवा. मग इरादापत्र, दोन्हीकडून एकेक भेट आणि तुमच्या नगर परिषदेचा ठराव. तिकडे फाइल शहराच्या परराष्ट्र व्यवहार कार्यालयातून स्थानिक लोकप्रतिनिधी सभेकडे, प्रांताकडे आणि शेवटी परदेशांशी मैत्रीचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेकडे (स्थापना १९५४) जाते. तिथला होकार येईपर्यंत समारंभाची तारीख छापू नका.

मसुदा दोन्ही भाषांत करा, आणि ‘कायदेशीर बंधन नाही’ हे वाक्य घालाच. अमेरिकी घटनेनुसार राज्यांना परराष्ट्रांशी तह करता येत नाही, अमेरिकी संसदेच्या संमतीशिवाय करारही नाही. मग गाव कुठून करणार?

अडते ते सहीनंतर. तुमच्याकडे संध्याकाळी वेळ काढणारे स्वयंसेवक, तिकडे पगारी अधिकारी. तो बदलला की पत्रे थांबतात. म्हणून कार्यालयाबरोबर एखाद्या शाळेशी किंवा रुग्णालयाशी थेट संबंध ठेवा. निमंत्रणपत्रात नावे, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवे; २०१२ च्या अखेरीपासून चीनमध्ये अधिकाऱ्यांच्या परदेशवाऱ्यांवर कडक बंधने आहेत. तैवानमधले शहर आधीच जोडीला असेल तर तेवढ्यावरून मागे हटू नका : सॅन फ्रान्सिस्कोचे तैपेईशी नाते १९६९ चे, शांघायच्या आधीचे. पण झेंडे आणि देशांची नावे कुठे, कशी येणार हे समारंभाआधी लेखी ठरवा. भांडणे तिथेच होतात.

टिकाऊ काही हवे असेल तर पोर्टलंड-सूझौ पाहा. करार १९८८ चा, पोर्टलंडमधली चिनी बाग उघडली २००० मध्ये. शहरातला चार रस्त्यांमधला एक अख्खा भूखंड, सुमारे ४०,००० चौरस फूट; ताई सरोवराचे दगड चीनहून जहाजाने आणले, बांधायला सूझौचे कारागीर आले. बारा वर्षे लागली, हेच खरे वेळापत्रक समजा.

प्रश्न : दोन्ही सरकारांचे बिनसले की हे करार मोडतात का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आपोआप नाही, कारण केंद्र सरकार त्यात पक्षकारच नसते. जुलै २०२० मध्ये ह्यूस्टनची चिनी वाणिज्य वकिलात बंद झाली आणि उत्तरादाखल चंगडूची अमेरिकी वाणिज्य वकिलात. तरी ह्यूस्टन-शेनझेन (१९८६) आणि फीनिक्स-चंगडू (१९८७) ही नाती त्यामुळे मोडली नाहीत. फटका व्हिसाला बसतो : चंगडूच्या विद्यार्थ्याला अमेरिकी मुलाखतीसाठी आता बीजिंग, शांघाय किंवा ग्वांगझौसारखे दूरचे शहर गाठावे लागते. आपल्या शहरापुरते सांगायचे, तर मे २०१५ मध्ये त्याचे चीनमधल्या दुनहुआंगशी भगिनी-शहर नाते ठरले. अजिंठा इथे, मोगाओची लेणी तिथे.