एपिड्यूरल नको असेल तर इंग्लंडमध्ये कळा सोसायला काय मिळतं?

नवऱ्याकडे लेस्टरला जायचंय, पहिलं बाळंतपण तिथेच होणार आणि पाठीत एपिड्यूरलची सुई (कंबरेखालचा भाग बधिर करणारी) घ्यायची धास्ती वाटते, मग तिथे दुसरं काय मिळतं, असं तू विचारलंस. मी इंग्लंडमध्येच बाळंत झाले, एपिड्यूरल न घेता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खर्चाची काळजी करू नकोस. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरला असेल (सध्या मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड), तर एनएचएसमधलं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतलं, बाळंतपण त्यातच येतं. पोचल्याच्या आठवड्यात जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदव आणि मिडवाइफची (प्रशिक्षित सुईणीची) भेट मागून घे. तिथे सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण मिडवाइफच करते, डॉक्टर गरज पडली तरच येतात. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव.

आणखी एक. ‘त्या सुईने जन्मभर कंबर धरते’ असं सासूबाई म्हणाल्या, एवढ्यावरून ठरवू नकोस. कायमची कंबरदुखी एपिड्यूरलमुळे लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरीही नको वाटत असेल, तर नको. कुणी बळजबरी करत नाही.

आपल्याकडे पहिली कळ आली की बॅग उचलून दवाखाना. तिथे फोन केलास तर बहुधा ‘अजून घरीच थांबा’ म्हणतील. कळा नियमित, साधारण पाच-पाच मिनिटांनी आणि मिनिटभर टिकणाऱ्या झाल्या की बोलावतात. (पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र लगेच फोन करायचा.) म्हणजे पहिले कित्येक तास घरातच काढायचे असतात, आणि त्यांची तयारी आपणच करायची. पॅरासिटामॉल चालते, गरम पाण्याची आंघोळ चालते. टेन्स नावाचं, सौम्य वीजप्रवाहाने दुखणं कमी करणारं छोटं यंत्र विकत किंवा भाड्याने मिळतं. पाठीला चार चिकटपट्ट्या लावायच्या, मुंग्या आल्यासारखं वाटतं. ते अगदी सुरुवातीपासून लावायचं. कळा जोरात सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, आणि पाण्यात तर ते वापरायचंच नाही. ३७ आठवड्यांच्या आधी लावू नकोस. फिट्स येत असतील किंवा पेसमेकर असेल तर मुळीच नाही. मला त्याहून बरं वाटलं ते आईने मुठीने माकडहाडावर दाबून धरलं तेव्हा. नवऱ्याला हे आधीच शिकवून ठेव.

दवाखान्यात गेल्यावर तुझा मुख्य आधार म्हणजे गॅस अँड एअर: निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. नळीचं तोंड आपणच हातात धरून ओढायचं. दुखणं पूर्ण जात नाही, पण त्याची धार बोथट होते. गॅस चढायला १५-२० सेकंद लागतात, सगळी मेख इथेच आहे. पहिल्या तीन-चार कळांना मी दुखणं असह्य होईपर्यंत थांबले; गॅस चढला तोवर कळ ओसरलेली आणि डोकं मात्र गरगरतंय. मग मिडवाइफने माझ्या पोटावर तळवा ठेवला. पोट कडक व्हायला लागलं की मला कळ जाणवायच्या आत ती ‘आता’ म्हणायची आणि मी लांब श्वास ओढायचे. नळीतल्या झडपेचा खट-खट आवाज मला अजून आठवतो, पुढचे पाच तास मी त्या आवाजावरच काढले. तोंड कोरडं पडतं, मळमळतं. नळी बाजूला केली की थोड्या वेळात उतरतं. नवऱ्याजवळ पाण्याची बाटली आणि ओठांना लावायला काहीतरी दे.

कोमट पाण्याचा टब फार सुखाचा, असं माझ्या मैत्रिणी सांगतात. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, आणि गॅस टबातही ओढता येतो. मला तो मिळाला नाही. मी पोचले तेव्हा टबात दुसरी बाई होती, आणि तिथे टब एकच आहे हे नऊ महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ऐन कळांत रडले. तू आधीच विचार: टब किती आहेत, आणि मिळाला नाही तर काय?

पेथिडीन किंवा डायमॉर्फिन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाचं इंजेक्शन मांडीत देतात. २० मिनिटांत गुंगी येते, दोन ते चार तास राहते. थकून गेलेल्या बाईला त्याने विसावा मिळतो. पण मळमळ होते, आणि बाळ जन्मायच्या अगदी तोंडावर दिलं तर बाळ सुस्त होऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून मागायचं तर वेळेत. घेतल्यावर निदान दोन तास टबात जाता येत नाही. काही दवाखान्यांत बटण दाबून शिरेतून घ्यायचं रेमिफेंटानिल हे त्याच जातीचं औषध असतं. तुझ्या दवाखान्यात आहे का ते विचारून घे.

मिडवाइफच चालवतात त्या विभागात एपिड्यूरल मिळत नाही. ऐन वेळी मन बदललं तर डॉक्टर असलेल्या लेबर वॉर्डात हलवावं लागतं. दोन्ही एकाच इमारतीत असतील असा दवाखाना निवड, पहिलटकरणीने एवढी वाट मोकळी ठेवावीच.

तू शाकाहारी आहेस म्हणून शेवटचं. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-१२ निकामी करतं. काही तासांच्या वापराने सहसा बिघडत नाही, पण आधीच कमतरता असेल तर मिडवाइफला ते माहीत हवं. निघायच्या आधी नाशिकलाच बी-१२ तपासून घे, कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून उपचार सुरू कर, आणि तो रिपोर्टही त्याच बॅगेत टाक.