एर्टिगाचं बघू, आधी पॉलिसी परत करा

सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय. थोडं कापून देतो.

"माझं वय ३६. खासगी कंपनीत नोकरी, हातात ५८ हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला १४ हजार. आई-बाबा आणि दोन मुलं धरून घरात सहा जण. घराच्या कर्जाचा हप्ता १७,५००. मला एर्टिगा व्हीएक्सआय सीएनजी घ्यायची आहे, रंग मॅग्मा ग्रेच. सोलापूरचं शोरूम तीन महिने थांबा म्हणतंय, ऑन-रोड १२.३० लाख. पुण्यात एका शोरूमला हीच गाडी तयार उभी आहे, पण ॲक्सेसरीज, त्यांच्याकडचाच इन्शुरन्स आणि हँडलिंग धरून ६० हजार जास्त पडतात. पाडव्याला गाडी दारात हवी आहे. ६० हजार देऊ की थांबू?

पैशाची सोय झालेली आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतले १२ लाख एफडीत होते, ती नुकतीच सुटली. बँकेतले साहेब म्हणाले, गाडी रोखीने घेऊ नका. ३ लाख डाउन पेमेंट करा, ९ लाख कर्ज काढा, सात वर्षांना १४,६०० हप्ता बसेल. उरलेल्या पैशांतून गॅरंटीड इन्कम प्लॅन घ्या. वर्षाला ३ लाख, सात वर्षं. त्यातून वर्षाला पावणेदोन लाख येतील, म्हणजे महिन्याला १४,६००. गाडी फुकटात पडेल. पहिला प्रीमियम भरला, पॉलिसी ई-मेलवर येऊन १७ दिवस झाले. बाबांनी तीस वर्षं लोकांना फिरवलं. आता त्यांना स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवायचंय."

हे छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी मेल केला: पॉलिसी परत करा. १७ दिवस गेलेत, १३ उरलेत. गाडी पळून जात नाही, ही मुदत जाते.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत 'नको' म्हणायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. त्याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी बहुतेकांना १५ दिवसच मिळायचे, २०२४ च्या नियमांनी सरसकट ३० झाले. तुम्हाला पॉलिसी ई-मेलवर आली, तेव्हा दिवस त्या ई-मेलपासून मोजायचे. मुदतीत अर्ज गेला की जितके दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात. तुमच्या ३ लाखांतले जवळजवळ सगळे.

आता हा प्लॅन काय आहे ते बघू. पत्रासोबत तुम्ही पॉलिसीची पीडीएफ जोडलीत हे उत्तम केलंत, कारण तुम्ही ती वाचलेली नाही हे मला त्यातूनच कळलं.

महिन्याला १४,६०० मिळणार, हे खरं आहे. कधीपासून, ते पान ४ वर आहे. नववं वर्ष पूर्ण झाल्यावर पहिले पावणेदोन लाख. गाडीचं कर्ज सातव्या वर्षी फिटतं. म्हणजे गाडीचा शेवटचा हप्ता गेल्यावर दोन वर्षांनी, गाडीचा हप्ता भरायला पैसे येणार! साहेबांनी दोन्हीकडे १४,६०० हा आकडा बरोबर जुळवून दिला, तेवढं कौतुक करायला हवं. आकडा जुळला की माणूस तारीख बघत नाही.

प्रीमियमचं गणित त्याहून वाईट आहे. १२ लाखांतले ३ पहिल्या प्रीमियमला गेले, ३ डाउन पेमेंटला जाणार, राहिले ६. त्यात दुसरा आणि तिसरा प्रीमियम निघेल. चौथा कुठून? पाचवा, सहावा, सातवा? एकूण भरायचे आहेत २१ लाख, तुमच्याकडे त्यासाठी ९ होते. चौथ्या वर्षी महिन्याचा हिशेब असा पडतो: प्रीमियमसाठी बाजूला २५,०००, गाडी १४,६००, घर १७,५००. बेरीज ५७,१००. तुमचा पगार ५८ हजार. सहा माणसांचं घर मग पत्नीच्या १४ हजारांत चालवायचं आणि त्यातच गाडीत गॅस भरायचा. "तोपर्यंत पगार वाढेल" असं साहेब म्हणाले असतील. सगळेच म्हणतात. पगार वाढतो तेव्हा शाळेची फीही वाढते.

मग तीन प्रीमियम भरून प्लॅन बंद करावा लागतो आणि असे प्लॅन बंद पडतात ते बहुधा असेच. नव्या नियमांमुळे आता पहिलं वर्ष भरल्यानंतरही काहीतरी परत मिळतं, पण ते काहीतरीच असतं. भरलेले सगळे मिळत नाहीत.

समजा तुम्ही कसेबसे सातही भरले. २१ लाख भरून पंधरा वर्षं पावणेदोन लाख आणि शेवटी भरलेले २१ लाख परत, मिळून ४७ लाखांवर. "एकवीस भरा, सत्तेचाळीस घ्या." ऐकायला छान आहे, पण शेवटचा पैसा यायला २३ वर्षं लागतात. त्याचा वार्षिक परतावा काढला तर साडेपाच टक्क्यांच्याही आत येतो. कर्ज सव्वानऊ टक्क्यांचं. सव्वानऊने उचलायचे आणि साडेपाचाच्या आत ठेवायचे, आणि याला फुकटची गाडी म्हणायचं. एकट्या कर्जावरच सात वर्षांत सव्वातीन लाख व्याज आहे.

विमा म्हणून पाहिलं तरी यात ३० लाखांचंच संरक्षण आहे. तुमच्यावर पाच माणसं अवलंबून आहेत, शिवाय घराचं कर्ज. तुमच्या वयाला १ कोटीचा साधा टर्म विमा वर्षाला ढोबळमानाने पंधरा-वीस हजारांत येतो. तो तुमच्याकडे नाही. तो काढा, पण बँकेच्या त्याच टेबलावर बसून नको.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही विचारलेलाच नाही. हे पैसे तुमचे नाहीत.

पॉलिसी तुमच्या नावावर, नॉमिनी तुमची पत्नी. ज्यांचे पैसे त्यांचं नाव त्या पीडीएफमध्ये कुठेच नाही. गाडी तुमच्या नावावर येईल, कर्जही. बाबांच्या नावावर काय उरलं? पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की बाबांना पेन्शन ३,४०० रुपये येते. एसटीतून निवृत्त झालेल्यांना सरकारी नोकरांसारखं पेन्शन नसतं, भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतलं तुटपुंजं असतं. म्हणजे हे १२ लाख हेच बाबांचं आणि आईचंही म्हातारपण आहे. बाबा ६१ चे आहेत, आई त्यांच्याहून लहान असेल. पंचवीस वर्षं पुरवायचे पैसे आहेत हे. पुढच्या सीटवर बसवताय ते ठीक, पण तिकीट तुम्ही त्यांच्याकडूनच काढून घेतलंय, आणि तेही पुढच्या सगळ्या प्रवासाचं.

ते स्वखुशीने देताहेत, हे मी मान्य करतो. मुलगा गाडी घेतोय म्हटल्यावर कुठला बाप नाही म्हणेल? म्हणूनच हिशेब तुम्ही करायचा.

पॉलिसीचे ३ लाख परत आले की पोस्टात किंवा बँकेत बाबांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं काढा, १० लाख त्यात टाका. सध्या व्याज ८.२ टक्के आहे, दर तीन महिन्यांनी हातात येतं. १० लाखांवर तिमाहीला २०,५००, म्हणजे महिन्याला ६,८०० च्या आसपास. पेन्शन धरून बाबांकडे दरमहा १० हजारांच्या वर येतील, आणि औषधांसाठी मुलापुढे हात पसरावा लागणार नाही. मुदत पाच वर्षं, खातं आईसोबत संयुक्त करा. उरलेले २ लाख साध्या एफडीत, दवाखान्यासाठी. यात कुणालाही मोठं कमिशन मिळत नाही, त्यामुळे हे तुम्हाला कुणी सुचवलं नाही यात नवल नाही.

पॉलिसी परत करताना काय होईल तेही सांगून ठेवतो. अर्ज विमा कंपनीला पाठवा, बँकेला नुसती प्रत द्या. ई-मेलवर पाठवा आणि कंपनीच्या शाखेत कागदावर देऊन पोच घ्या. पॉलिसी क्रमांक, पॉलिसी मिळाल्याची तारीख, रद्द केलेला चेक, आणि कारण: अटी सांगितल्याप्रमाणे नाहीत. बँकेतून फोन येईल. "साहेब, तुमचंच नुकसान आहे." "महिना संपू द्या, मग बघू." महिना संपला की मुदतही संपते, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा सगळ्याला 'हो' म्हणा असं बँकेतल्यांनी शिकवलं होतं, हे तुम्ही लिहिलंय. त्यामुळे अर्ज अडत नाही. फ्री लुकमध्ये फसवणूक सिद्ध करावी लागत नाही, मुदतीत असणं पुरतं. मुदत गेल्यावर मात्र तो 'हो' तुम्हालाच ऐकवतील. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. त्यापुढे पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे.

आता एर्टिगा.

बाबांचे पैसे बाजूला काढले तर तुमची स्वतःची बचत किती? म्युच्युअल फंडात २.४० लाख. घराचा हप्ता आणि खर्च जाऊन महिन्याला २२ हजार उरतात असं तुम्हीच लिहिलंय. सगळी बचत गाडीत घातली तरी जवळपास १० लाखांचं कर्ज लागेल, सात वर्षांना १६ हजार हप्ता. गॅस, सर्व्हिसिंग आणि पुढच्या वर्षांचा विमा धरून सहा हजार. झाले २२. घरात एक माणूस आजारी पडला की संपलं. म्हणून या पाडव्याला गाडी नाही. दीड-दोन वर्षं महिन्याला पंधरा हजार साठवा. हाताशी सहा लाख होतील, कर्ज सहा-सात लाखांवर येईल, तेही पाच वर्षांचं. तोपर्यंत अडत असेल तर चार-पाच वर्षं वापरलेली एर्टिगा बघा. सात माणसांची जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही, टॅक्सी पासिंगची नाही ना एवढं बघून घ्या.

तरीही उद्या घ्यायची वेळ आलीच तर ६० हजार देऊ नका. ॲक्सेसरीज घेतल्याशिवाय गाडी नाही, हे गाडी कमी आणि गिऱ्हाइक जास्त असताना म्हणायचं वाक्य आहे. मॅटिंग आणि सीट कव्हर सोलापुरात निम्म्या भावात बसतात. हँडलिंग म्हणजे गाडी यार्डातून शोरूमला आणल्याचे पैसे. ते काम त्यांच्या कमिशनमधलं आहे, ती ओळ कोटेशनमधून काढायला सांगा. विमा कुणाचा घ्यायचा हे ग्राहक ठरवतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) धरून बाहेरून भाव काढा आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवा, बहुतेक वेळा त्यांचा आकडा तिथेच खाली येतो. कोटेशनमधला १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने आगाऊ घेतलेला आयकर, मात्र खर्च समजू नका. एक्स-शोरूम किंमत १० लाखांवर गेली की तो लागतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो.

'तयार उभी' गाडी असेल तर पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर आणि फॉर्म २२, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, मागा. त्यावर बनल्याचा महिना असतो. मागच्या वर्षाची गाडी या वर्षी घेतली तर विकताना गिऱ्हाइक एक वर्ष कापतं, तेव्हा घेताना आपणही कापून घ्यायचं. बुकिंगचे पैसे सेल्समनच्या मोबाइलवर पाठवायचे नाहीत, पावती शोरूमची हवी, आणि रद्द केल्यास किती परत ते तिच्यावर लिहिलेलं हवं. आज बुक केली तरी किंमत लागते ती डिलिव्हरीच्या दिवसाची, हेही धरून चला.

एकच गाडी तीन दुकानांत मिळते, हे तुम्हाला शोरूमवाल्याने सांगितलं नसेल. टोयोटाची रुमियन म्हणजे एर्टिगाच आहे, मारुती बनवते आणि टोयोटा आपला बिल्ला लावते. मारुतीच्याच नेक्सा शोरूममधली एक्सएल६ तिचीच सहा आसनी बहीण, तीही सीएनजीत येते. किंमत थोडी इकडेतिकडे, पण एकीकडे रांग असताना दुसरीकडे नसते. आणखी एक: सीएनजीची टाकी डिकीत असते. सहा जण बसल्यावर बॅगा कुठे ठेवणार, ते टेस्ट ड्राइव्हला सगळं घर घेऊन जाऊन बघा.

आणि मॅग्मा ग्रे की पांढरी, हे बाबांना विचारा. सोलापूरच्या मे महिन्यात गाडी किती तापते, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.