कोल्हापुरात गल्लीनं मिळून वजन आटोक्यात आणता येतं का? करून बघितलेल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय : "कोल्हापुरात आमच्या कॉलनीत बायका, पुरुष, शाळकरी पोरं, सगळ्यांचीच वजनं वाढलीत. मंडळ, शाळा, डॉक्टर यांना एकत्र आणून काही करता येईल का? की तांबड्या-पांढऱ्याच्या गावात असलं काही चालणारच नाही? सुरुवात कुणापासून करावी?"

चालतं. फक्त त्यासाठी आरोग्याची नवी समिती काढू नका. आमच्याकडं तशी एक निघाली होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, लेटरहेड, सगळं झालं. दोन मीटिंगा झाल्या आणि दुसऱ्या मीटिंगीला नाश्त्याला कटवडा होता.

मी डॉक्टर नाही. शिवाजी पेठेत राहतो, वय त्रेपन्न, पतसंस्थेत हिशेब लिहितो आणि गल्लीतल्या तालमीचा गेली अकरा वर्षं खजिनदार आहे. आता तालीम म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण तुम्ही नवीन असाल तर : आमच्या तालमीत कॅरम आहे, टीव्ही आहे, फुटबॉलचे कप आहेत, गणपतीच्या मांडवाचे पाइप आहेत. लाल माती नाही. ती कधी उचलली ते माझ्या वडिलांनाही नीट आठवत नव्हतं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं, पेठापेठांत तालमी गाजल्या आणि त्या काळात जो खुराक ठरला, तो मात्र आमच्या घरात जसाच्या तसा उतरला. गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांसमोर काढून घेतलेला पेला, रविवारचं मटण, वर तूप. पैलवान हे खाऊन शेकड्यांनी जोर-बैठका मारायचा. मी हे खाऊन आठ तास खुर्चीत बसतो, आणि घरी येऊन सोफ्यावर. खुराक वारशात आला, बैठका आल्या नाहीत.

त्यात आपली शरीरंही वेगळी. जगभर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, पंचविसाच्या वर गेला की जादा वजन धरतात. भारतीयांसाठी डॉक्टर तेविसापासूनच सावध करतात आणि पंचविसाला लठ्ठपणा म्हणतात, कारण आपली चरबी आधी पोटावर साठते आणि साखर, बीपी लवकर मागं लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष या पंचविसाच्या रेषेवर किंवा वर निघाले. तेविसाची रेषा लावली तर काय होईल ते तुम्हीच बघा.

आमच्याकडं सगळं सुरू झालं ते टेपपासून. गल्लीत शिलाईचं एक जुनं दुकान आहे. चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात, सत्तरी ओलांडलीय. एका रविवारी सकाळी दवाखान्यातले डॉक्टर तालमीत चहाला आले होते. ते म्हणाले, वजनकाटा आणू नका, लोक बिचकतात, नुसती कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असली की बरं. मामा कोपऱ्यात पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "मला कशाला मोजायला सांगतासा? मला तोंडपाठ हाईत. ह्याची लग्नात तीस हुती, आता एकोणचाळीस. तीस वर्षं तुमच्या पँटींचं मार्जिन सोडतोय. आता मार्जिनच संपलं की."

हसलो सगळे, पण पुढच्या रविवारी मामा खरंच टेप घेऊन आले. सव्वापस्तीस-साडेपस्तीस इंच म्हणजे नव्वद सेंटिमीटर, हे त्यांनी टेपवर लाल दोऱ्यानं खूण करून ठेवलं होतं. चौदा जण आले. खुणेच्या आत तिघंच, त्यातले दोघं फुटबॉल खेळणारी पोरं. मोजायची पद्धत डॉक्टरांनी दाखवली : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. पण माणूस मोजताना पोट आत घेतोच. मामांचा त्यावर स्वतःचा उपाय होता. टेप लावून ते विचारायचे, "आईची तब्येत कशी हाय?" उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटायचा, पोट जागेवर यायचं आणि मामा आकडा वाचायचे.

बायकांची मोजणी अंगणवाडीत, आशाताईंकडं झाली. हे तुम्हाला माहीत नसेल तर उपयोगाचं आहे : तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-साखर तपासायचा सरकारी कार्यक्रम चालू आहे, आणि आशाताईंकडं त्यासाठी एक फॉर्म असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी, साखर किंवा हृदयविकार आहे का, याला गुण देतात. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलवतात. म्हणजे निम्मं काम आधीच कुणीतरी करतंय, आपण फक्त माणसं जमवून द्यायची. आमच्या गल्लीत एका रविवारात सहा जणांची साखर पहिल्यांदा सापडली. त्यांतला एक मी.

दुसरी गोष्ट तेलाची, आणि ती बचत गटानं केली, तालमीनं नाही. गटातल्या बायका तेल एकत्र घेतात, त्यामुळं कुणाच्या घरी डबा कधी गेला याची वहीच होती. कुणालाही काही न विचारता कळत होतं कोण किती खातंय! पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये महिन्याचं तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा गटात प्रश्न निघाला, दहा टक्के म्हणजे किती पळ्या? मग हिशेब मांडला, तो मीच करून दिला. माणशी रोजचं २५ ग्रॅम तेल धरा. चौघांचं झालं १००. पाच लिटरच्या डब्यात साडेचार किलोच्या आसपास तेल बसतं. म्हणजे चौघांच्या घरात तो डबा दीड महिना पुरायला हवा. आमच्याकडं चोवीस दिवसांत रिकामा होत होता.

इथं घरात वाद झाला. माझी बायको म्हणाली, रश्श्यावर कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, दिसला नाही तर पाहुणे म्हणतील मटण स्वस्तातलं आणलंय. बरोबरच होतं तिचं, कोल्हापुरात कट म्हणजे घराची अब्रू. शेवटी गटातल्याच एका काकूंनी तोड काढली. मसाला परतताना करपायला लागला की तेल न घालता पाण्याचा हबका मारायचा. आणि रस्सा झाल्यावर वर आलेला कट पळीनं काढून वेगळ्या वाटीत ठेवायचा, मिसळवाले ठेवतात तसा. ज्याला पाहिजे त्यानं चमच्यानं घ्यावा. वाटी सगळी कधीच संपत नाही. उरलेल्यात दुसऱ्या दिवशी पिठलं होतं. आमचा डबा आता छत्तीस-सदतीस दिवस जातो. पंचेचाळीसला अजून पोचलो नाही, आणि पाडव्याच्या महिन्यात तर विचारूच नका.

(गुळाचं एक सांगून टाकतो, कारण आपल्याकडं हे पटत नाही. साखर सोडून गूळ खाल्ला म्हणून वजनाला फारसा फरक पडत नाही, उष्मांक जवळजवळ तेवढेच. ऊस पिकवणाऱ्या माझ्या मेहुण्याला हे सांगितल्यावर तो दोन दिवस बोलला नाही.)

गणपतीच्या महाप्रसादाला दरवर्षी पंधरा किलोचे दीड डबे तेल लागायचं. मी खजिनदार, बिलं माझ्याकडंच. आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला एकात भागतं, पण मंडळवाले म्हणतात कमी दिसाय नगो." म्हणजे खाणाऱ्यानं मागितलं नव्हतं, करणाऱ्याला नको होतं, दीड डबा नुसता पद्धतीनं चालला होता. आता एकच येतो. जिलेबीवर मतदान झालं, जिलेबी जिंकली.

शाळेच्या बाबतीत मी थोडा चुकलो. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त मीठ, साखर, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम घेऊन मी ऐटीत गेटसमोरच्या गाडीवाल्या मावशीकडं गेलो. ती म्हणाली, "मग माझ्या पोरानं काय खायचं?" तिचं बरोबर, माझंही बरोबर, आणि मावशी हटली असती तर पोरं पुढच्या कोपऱ्यावर गेली असती. मग मुख्याध्यापिका मधे पडल्या. मावशीनं पाकिटं बंद करायची. भाजक्या शेंगा, उकडलेलं कणीस, काकडी, फुटाणे ठेवायचे. आणि शाळेच्या खेळाच्या दिवसाचा, पालकसभेचा नाश्ता शाळेनं तिच्याकडूनच घ्यायचा. पहिला महिना ती तोट्यात गेली, तो फरक तालमीनं भरला. रंगीत सरबताच्या बाटल्या अजून चोरून ठेवते, ते मला माहीत आहे.

रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या बायकांची अडचण व्यायामाची नव्हती, अंधाराची होती. वाटेवर एका वळणावर दिवा नव्हता. एका कार्यालयात तीनदा अर्ज दिला, तीनदा पोच मिळाली. शेवटी वळणावरच्या घरमालकानं गच्चीवर बल्ब लावून घेतला, वायर इलेक्ट्रिकच्या दुकानानं दिली. त्या आठवड्यात चालणाऱ्या पाच जणींच्या सतरा झाल्या. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं पुरेसं आहे, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

आता जे फसलं ते. आम्ही 'वजन उतरवा' स्पर्धा घेतली, तालमीच्या फळ्यावर नावं आणि किलो. पहिला आला त्यानं दोन महिन्यांत नऊ किलो उतरवले, रात्रीचं जेवण सोडून. दिवाळीपर्यंत दहा परत आले. ते सोडा. एक कॉलेजचा मुलगा, जाडसर, रोज कॅरमला यायचा. फळ्यावर त्याचा आकडा लागला, कुणीतरी "ढोल्या" म्हणालं, आणि तो यायचा बंद झाला. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो. अजून येत नाही. मुलांची कंबर, वजन आम्ही तेव्हापासून अजिबात मोजत नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनी उंचीबरोबर बघायचं. वाढत्या पोराला डाएट लावायचं नसतं.

हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी फिनलंडची गोष्ट सांगितली. तिथं नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे, आपल्यासारखाच दूधदुभत्याचा. लोणी भरपूर, आणि कर्ते पुरुष हृदयविकारानं जायचे. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरनं काम सुरू केलं ते दवाखान्यात न बसता : गृहिणींच्या संघटनेला धरलं, दुकानांना, डेअऱ्यांना, शेतकऱ्यांना धरलं. पुढं कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्पर्धा लावल्या, त्याही माणसामाणसांत नाही, गावागावांत. काही दशकांत कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. मात्र लोकांची वजनं उतरली नाहीत. म्हणून डॉक्टरांनी दुसरा दाखला फ्रान्सचा दिला. फ्लोरबे आणि लावांती ही दोन छोटी गावं. १९९२ पासून तिथल्या शाळांत आहाराचे धडे सुरू झाले, आणि सुरुवातीची काही वर्षं पोरांमधलं जादा वजन वाढतच गेलं. पुढं सगळं गाव त्यात उतरलं तेव्हा चित्र पालटलं. २००४ मध्ये तिथं जादा वजनाची मुलं ८.८ टक्के होती, तुलनेला घेतलेल्या गावांत १७.८.

त्यानंतर आम्ही फळा पुसला. आता त्यावर एकच आकडा असतो, तालमीत मोजून घेणाऱ्या सगळ्यांच्या कमरांची बेरीज. कुणाची किती ते फक्त मामांना माहीत. गेल्या वर्षभरात चाळीस माणसांत मिळून एकशे एकवीस सेंटिमीटर कमी झालं, म्हणजे माणशी तीन. ऐकायला किरकोळ वाटेल. पण शेजारच्या गल्लीनं आता आमचा आकडा विचारायला सुरुवात केलीय, आणि पेठेत ईर्षा लागली की काय होतं ते फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर या, दिसेल.

तर सुरुवात कुणापासून? तुमच्या कॉलनीत तालीम नसेल, पण भिशी असेल, गणपती मंडळ असेल, हळदीकुंकवाचा ग्रुप असेल. त्यातली तीन माणसं शोधा : ज्याच्याकडं हिशेबाची वही आहे, जो किंवा जी सगळ्यांसाठी रांधते, आणि ज्याच्यासमोर लोक शर्ट वर करायला लाजत नाहीत. डॉक्टर चौथा. औषधं चालू असलेल्यांनी खाण्यात मोठा बदल करण्याआधी त्याला विचारायचंच, विशेषतः साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर.

शिंपी नसेल तर टेप कुठंही मिळते, वीस-तीस रुपयांत. कापडी घेतली तर वर्षानं बदला. वापरून वापरून ती ताणते, आणि सगळ्यांच्या कमरा उगाच कमी भरायला लागतात. आमचा मागच्या उन्हाळ्यातला आनंद असाच चार दिवस टिकला होता.