भरतीचा ‘त्रिभुज प्रदेश’?

प्रश्न असा आला आहे: वाळूच्या दांड्याने तोंड अडवलेल्या खाडीवरचा मजकूर मराठीत आणताना ‘टायडल डेल्टा’ला ‘भरतीचा त्रिभुज प्रदेश’ म्हणावं का? आणि तळाशी साचलेल्या सगळ्यालाच ‘गाळ’ म्हटलं तर चालेल का?

‘त्रिभुज प्रदेश’ इथे नको, असं माझं ठाम मत आहे. डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतलं चौथं अक्षर, आकाराने त्रिकोण. नाईलच्या मुखाकडच्या भूमीला ग्रीकांनी ते नाव दिलं. मराठीने त्रिकोण उचलला आणि त्याला ‘प्रदेश’ जोडला. नाईलला तो शोभतो, कारण तिथे शेतं आहेत, गावं आहेत. पण भरतीचं पाणी दांड्यातल्या अरुंद तोंडातून आत घुसतं, आत आल्यावर पसरतं, त्याचा वेग मोडतो आणि समुद्राची वाळू तिथेच पडते. ही रास म्हणजे इथला टायडल डेल्टा. ती बरीचशी पाण्याखाली असते, ओहोटीला तिचा काही भाग उघडा पडतो. तिला प्रदेश कसं म्हणणार? शिवाय ती समुद्राकडून जमिनीकडे वाढते, म्हणजे नदीच्या डेल्टाच्या बरोबर उलट. मी ‘भरतीचा वाळूपंखा’ म्हणेन. पंखाकृती मैदान आपल्या भूगोलात आहेच, त्यामुळे शब्द परका वाटणार नाही. नदीच्या बाजूला मात्र ‘त्रिभुज प्रदेश’ खुशाल ठेवा.

आता गाळ. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये अशा खाड्या पुष्कळ आहेत, लेक मॅक्वारी आणि लेक इलावारा ही त्यांतली ठळक नावं. (नावात लेक असलं तरी समुद्राशी त्यांचा संबंध आहे.) तोंडाशी स्वच्छ वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे. मधल्या संथ, खोल भागात काळसर, सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल. नदीच्या टोकाला चिखलमिश्रित वाळू आणि पालापाचोळा. ‘गाळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो मधला भाग, विहिरीतून उपसतात तसा. तोंडाशी साचलेल्या वाळूला कुणी सहज गाळ म्हणत नाही.

सगळ्यांसाठी एकच शब्द हवा असेल तर ‘अवसाद’ आहे. त्यातला ‘सद्’ धातू आणि ‘सेडिमेंट’मधला लॅटिन धातू हे एकाच मुळातले, अर्थ बसणे. शब्द अचूक आहे, पण सामान्य वाचकाला त्यात खिन्नता ऐकू येते, म्हणून मी तो शास्त्रीय लेखापुरताच ठेवतो. एरवी वाळू, चिखल, गाळवट वाळू अशी वेगवेगळी नावं द्यावीत. कारण खाडी भरत जाते तसा नदीचा त्रिभुज प्रदेश पुढे सरकतो आणि मधल्या चिखलावर त्याची वाळू चढते. सगळ्यालाच गाळ म्हटलं, तर हे वाक्य ‘गाळावर गाळ चढतो’ असं होईल, आणि खाली काय होतं, वर काय आलं, हे वाचकाला कळणारच नाही.