गुळवेलीचा काढा आणि वाढलेलं एसजीपीटी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरे ७१ वर्षांचे, थायरॉईडची गोळी चालू, करोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा. आता एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलंय, डॉक्टर म्हणतात काढा थांबवा, आणि घरचे म्हणतात, गुळवेल तर काविळीवर देतात, ती लिव्हरला कशी बाधेल? संशोधन दोन्ही बाजूंनी सापडतंय, मग खरं कोणतं?

काढा आजच बंद करा. बाकीचं त्यानंतर वाचा.

संशोधन दोन्हीकडचं खरं आहे आणि दोन्ही आपल्या मुंबईतलं आहे. १९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली, त्यातले ९२ टक्के शस्त्रक्रियेनंतर वाचले; न दिलेल्यांतले ४० टक्के. घरच्यांच्या म्हणण्याला आधार मिळतो तो इथे. पण त्यात लिव्हरच्या चाचण्या दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या होत्या! फरक पडला तो जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत. अशा काविळीत त्या मंदावतात, गुळवेलीने त्या पुन्हा कामाला लागल्या. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, पण तो 'लिव्हर टॉनिक'चा पुरावा नाही.

प्रतिकारशक्तीला चेतवणारं वेलीत काय असतं, यावर ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) काम झालं. १९९९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची लांब साखळीची शर्करा वेगळी केली. ती प्रतिकारशक्तीच्या बी-पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, चाळवते. ती पाण्यात उतरते, म्हणजे काढ्यातही उतरणारच.

आता २०२०. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे ६ रुग्ण लिव्हरला इजा होऊन आले. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. अनेकांच्या लिव्हरवर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याच्या खुणा होत्या. पहिल्या ६ जणांत काहींना आधीपासून थायरॉईडचा त्रास होता, म्हणून तुमच्या प्रश्नातली ती गोळी मला खटकली. थायरॉईडचा आजार बऱ्याचदा याच जातीचा असतो: शरीर स्वतःच्याच पेशींवर उठतं. अशा माणसाची प्रतिकारशक्ती आणखी कशाला चेतवायची?

आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला की ही दुसरीच, गुळवेलीसारखी दिसणारी वेल असू शकते. तो आक्षेप मी झटकून टाकणार नाही. मी वनस्पतींच्या अर्कांची तपासणी करण्यात वीस वर्षं घालवली. एकदा एका पुरवठादाराकडून 'गुळवेल' लिहिलेलं पोतं आलं. तुकडा आडवा कापला तर सायकलच्या चाकासारखे आरे, अगदी चक्रलक्षणा हे जुनं नाव शोभावं असे. पण सालीवर चामखिळीसारखे टेंगूळ. सिलिकाच्या प्लेटवर अर्क चालवून यूव्ही दिव्याखाली धरला, तर उमटलेल्या पट्ट्या खऱ्या गुळवेलीच्या पट्ट्यांशी जुळेनात; वेल दुसरीच होती. चाक त्या कुळातल्या इतर वेलींतही दिसतं, त्यामुळे नुसतं चाक बघून विकणाऱ्यावर भिस्त ठेवू नका. तरीही, वेल अस्सल असली तरी सासऱ्यांसाठी माझं उत्तर तेच राहील.

उरलेल्या काड्या फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. किती काड्या, किती पाणी, किती दिवस, हे लिहून न्या. बिलिरुबिन (कावीळ किती ते सांगणारी चाचणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) झालंय का, एएनए आणि आयजीजी (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते बघणाऱ्या चाचण्या) करायचं का, हे विचारा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज किंवा झोपेचं चक्र उलटलेलं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी गाठा. काहींना स्टेरॉईड लागतात, काहींचं नुसतं बंद करून उतरतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

आणि सासऱ्यांना 'विष पिताय' म्हणू नका. त्यांनी ते घरच्यांच्या काळजीनेच सुरू केलं असणार. केईएमची गोष्ट त्यांना सांगा, ती त्यांना पटेल. रिपोर्ट पुन्हा आला की इथे लिहा.